अर्धा टँकर

(डोंबिवली पूर्व, भर दुपार. पाण्याच्या टँकरची केबिन. स्टिअरिंगवर संचिता, डाव्या खिडकीशी तिची सासू आवडाबाई. निम्मं पाणी एका सोसायटीत उतरवून झालंय, उरलेलं पुढच्या सोसायटीत द्यायचंय.)

आवडाबाई : इतक्यात नको वलवू. अजून पुढं घे.

संचिता : गल्ली निघून चालली, आई.

आवडाबाई : जाव दे. गल्ली चुकली असं वाटलं, का मंग वलवायची. तुज्या त्या छोट्या हत्ती टेम्पोची सवय सोर आता. तो जागच्या जागी वलतो. हिची मागची चाकं आतल्या अंगानं येतात. कोपऱ्यावर कोन उभा असंल तर त्याला घेऊन.

संचिता : आता?

आवडाबाई : आता. सगलं मार. सगलं… हां. बग, घुसली ना?

संचिता : घुसली.

आवडाबाई : पानवाल्यानं पाय वर घेतले.

संचिता : दिसला मला.

आवडाबाई : हसली नायस.

संचिता : हसायचं होतं का?

आवडाबाई : मी हसले म्हनून बोलले. रिक्षा बग, थांबतेय पुढं.

संचिता : बघितली. … आई, हा धक्का कसला? मी थांबवली होती गाडी. मागून कोणी ठोकलं का?

आवडाबाई : कोन नाय ठोकत. पानी हाय. गारी थांबली, पानी कुटं थांबलंय? पुढं येऊन आपटलं, आता मागं जाल, परत येल.

संचिता : सकाळी निघालो तेव्हा नव्हतं असं काही.

आवडाबाई : भरलेला टँकर शाना असतो, बाय. हलायला जागाच नसते त्याला. आनि रिकामा गरीब. लोकांना उलटं केलंय ते अर्ध्या भरलेल्या टँकरनं. म्हनून ब्रेक लवकर दाबायचा, हलूहलू. आनि थांबल्यावर पाय काढायचा नाय.

संचिता : किती वेळ?

आवडाबाई : आतलं गप होईल तवर.

संचिता : बरं.

आवडाबाई : बरं बोलतेस खरी. जीभ बोलते, कान कुटं असतो देव जाने.

संचिता : ऐकतेय मी. … सर्वेश भावोजी संध्याकाळी येणार ना?

आवडाबाई : येल. खोपटच्या एसटी डेपोत ड्युटी सुटली का थेट येतो बोलला. गिऱ्हाईक पन आनतोय टँकर बगायला.

संचिता : तुम्ही काय सांगणार त्यांना?

आवडाबाई : त्यानं माज्यावर सोरलंय. बोलला, आये, तू एक दिवस वैनीच्या बाजूला बसून ये. तू हो बोललीस तर टँकर ऱ्हाऊ दे, वैनी चालवंल. तू नाय बोललीस तर विकून टाकू.

संचिता : मग हो सांगाल ना?

आवडाबाई : नाय.

संचिता : का? काय चुकलं माझं? सकाळपासून कुठे घासली नाही, कुणाला लागली नाही. पहिल्या सोसायटीत एका दमात आत घेतली. तुम्हीच म्हणालात, छान घेतलीस.

आवडाबाई : छानच घेतलीस. काय पन नाय चुकलं.

संचिता : मग?

आवडाबाई : माजा संदेश पयल्या दिवशी ह्या सीटवर बसला, तर शर्ट पिलावा लागला घामानं. तुजा सासरा अख्खा जलम रेतीच्या गारीवर व्हता, तरी उतार आला का खालचा ओठ चावायचा. आनि तू बसलीस भाजी आनायला निघाल्यासारखी.

संचिता : भीती वाटत नाही, हे चांगलंच आहे ना? हेवी लायसन्सच्या टेस्टला साहेबांनी हेच विचारलेलं. एवढी मोठी गाडी, भीती नाही वाटत? म्हटलं, नाही. ते म्हणाले, वा, कॉन्फिडन्स आहे तुमच्यात.

आवडाबाई : तो सायब तुज्याबरोबर एका घरात ऱ्हात नाय.

संचिता : म्हणजे काय?

आवडाबाई : तुजी मनाली शालेत परली, गुरगा फुटला तिचा. तवा काय केलंस?

संचिता : हळद लावली. पट्टी बांधली.

आवडाबाई : केलंस सगलं. पोरगी तुज्या तोंडाकरं बगत व्हती आनि तू हलदीकरं.

संचिता : … मला काही वाटलंच नाही, आई. ती ओरडत होती, रक्त येत होतं, आणि मला वाटत होतं, शेजाऱ्यांची कुणी मुलगी आहे. खोटं कशाला बोलू तुमच्याशी? आमटीत मीठ जास्त झालं तरी मला कळत नाही, तुम्ही सांगता तेव्हा कळतं. लोक म्हणतात, नवरा गेला पण संचिता किती खंबीर. खंबीर कसली. मला काही होतच नाहीये.

आवडाबाई : ठावूक हाय मना.

संचिता : ह्या गाडीवर बसले की बरं वाटतं, असंही नाही. पण ही चालवावीशी वाटते. अख्ख्या दिवसात एवढी एकच गोष्ट करावीशी वाटते मला. ती तरी नका काढून घेऊ.

आवडाबाई : तुजा सासरा बोलायचा, एक वेल दारुड्याला गारी देईन, पन ज्याला कसलीच धास्ती नाय त्याला नाय देनार.

संचिता : मी काय जीव द्यायला निघाले नाही.

आवडाबाई : निघाली नायस. पन आला परसंग तर वाचायला पन धरपरनार नायस. घरी पोर हाय, बाय. मी तिला काय सांगू?

संचिता : संदेशला गाडीने काय केलेलं? एक ओरखडा नाही. तो तर घरात गेला. रविवारी जेवला आणि आडवा झाला. मी भांडी घासत होते.

आवडाबाई : मी गच्चीवर पापर वालत घालत व्हते.

संचिता : चार वाजता चहा घेऊन गेले मी.

आवडाबाई : नको सांगू. … गेट आलं. हॉर्न दे, चंदू वॉचमन उघरंल.

चंदू : आलो आलो. अरे, संदेशभाऊंचा टँकर! या, वरची टाकी सकाळपासून कोरडी ठणठणीत आहे. वहिनी, तुम्ही? ड्रायव्हर नाही आणलात?

आवडाबाई : आनलाय की. तुला दिसत नाय?

चंदू : तसं नाही काकी. वॉचमनला बोलायला काय जातं, पण गेटातून आत उतार आहे. जमिनीतली टाकी पार मागे, आणि बाजूला सेक्रेटरींची नवीकोरी गाडी. भाऊसुद्धा दोन-तीनदा मागेपुढे करायचे. मी राहू का मागे उभा?

आवडाबाई : तू सेक्रेटरीच्या गारीजवल उभा ऱ्हा. मागं मी जाते.

चंदू : तुम्ही, काकी?

आवडाबाई : तुजा जलम नव्हता तवा मी रेतीबंदरावर ह्याच कामाला व्हते. क्लीनर पलाला, तर नवऱ्यानं बायकोला बसवली. पगार नाय मागत म्हनून.

चंदू : मग काय बोलणार आम्ही. या सावकाश, पायरी जपा.

आवडाबाई : बाय, ऐक. आरशात तुला दोन्ही बाजू दिसतील. मागलं काय दिसनार नाय. मी पन नाय दिसनार. माज्या आवाजावर यायचं. मी बोलते तवर ये.

संचिता : आणि आवाज आला नाही तर?

आवडाबाई : मी कवा गप्प बसलेय?

संचिता : टाकते रिव्हर्स.

आवडाबाई : येऊ दे… येऊ दे… थोरी डावी मार… हां, येऊ दे…

संचिता : सेक्रेटरींच्या गाडीला लागत नाही ना?

चंदू : नाही वहिनी. हातभर जागा आहे.

आवडाबाई : आता सरल कर… सरल… येऊ दे… येऊ दे…

संचिता : येतेय.

आवडाबाई : येऊ दे…

संचिता : अजून येऊ? … आई, अजून येऊ का?

चंदू : बोला काकी, वहिनी विचारतायत.

संचिता : आई? आवाज द्या ना. आई, कुठे आहात तुम्ही? चंदू, माझी आई दिसतेय का तुला?

चंदू : मी ह्या बाजूला आहे, मला मागचं नाही दिसत. थांबवा, वहिनी.

संचिता : थांबवलीये. थांबवलीये मी. पाणी ढकलतंय मागे. मला पाय काढता येत नाही, तू जाऊन बघ. चंदू, आधी चाकापाशी बघ. काहीतरी बोल रे.

चंदू : चाकापाशी नाहीत. … ह्या इथे आहेत, वहिनी. भिंतीला टेकून उभ्या आहेत. बऱ्या आहेत.

संचिता : उभ्या आहेत?

चंदू : उभ्या आहेत. हँडब्रेक ओढा, मी चाकाला दगड लावतो. या खाली.

संचिता : आई. लागलं का कुठे? दाखवा. हात दाखवा.

आवडाबाई : काय नाय लागलं.

संचिता : मग गप्प का झालात? तुम्हाला कळतंय का काय झालं माझं? मला वाटलं, तुम्ही खाली गेलात. माझ्या हातून गेलात.

आवडाबाई : ह्याच गेटात मी आलेले त्याच्याबरोबर, पयल्या दिवशी. हितंच उभी व्हते. येऊ दे संदेश, येऊ दे, असं बोलत व्हते. आता तेच नाव आलं जिभेवर. गिलून टाकलं, आनि मंग तोंडच उघरंना.

संचिता : मी किती हाका मारल्या.

आवडाबाई : तू हाका मारत व्हतीस, ऐकू येत व्हत्या मना. माफ कर, बाय.

संचिता : असं नका बोलू.

आवडाबाई : तुजे हात बग.

संचिता : काय झालं हातांना?

आवडाबाई : कापतायत.

संचिता : आई, मनालीने विचारलं असतं, आजी कुठे आहे, तर काय सांगितलं असतं मी तिला? कुठल्या तोंडाने घरी गेले असते?

आवडाबाई : बस हितं कट्ट्यावर. माज्या बाजूला बस.

चंदू : पाणी आणू का?

आवडाबाई : पान्याचा टँकर घेऊन आलोय आमी. … आन, बाबा. गार आन.

संचिता : मला खूप भीती वाटतेय.

आवडाबाई : वाटू दे.

संचिता : थांबतच नाहीये. डोळ्यांतून पण यायला लागलंय.

आवडाबाई : येऊ दे गो. पुसू नको. चंदू काय बगत नाय, तो पानी आनायला गेलाय.

संचिता : आता नाही जमणार मला. भावोजींना सांगा विकायला. चंदू कोणालातरी बोलवेल, तो लावेल आत.

आवडाबाई : तुज्या भावोजीला चा पाजते आनि परत पाठवते. गिऱ्हाईकासकट.

संचिता : सकाळी जमत होतं तेव्हा नाही म्हणालात. आता माझ्याच्याने सीटवर चढवणार नाही, तर हो म्हणताय?

आवडाबाई : सकाली तू मी सांगत व्हते म्हनून थांबायचीस. आता कोनी सांगितलं थांबायला?

संचिता : कोणीच नाही.

आवडाबाई : मंग? मी ज्याच्या बाजूला बसनार, तो डायवर असाच पायजे.

चंदू : घ्या वहिनी, पाणी. काकी, लोक जिन्यात येऊन उभे राहिलेत. काय सांगू त्यांना?

आवडाबाई : सांग, डायवर पानी पितोय. तुमाला पन मिलंल.

संचिता : उठते मी. हात द्या. … तुम्ही परत गप्प झालात तर?

आवडाबाई : तर तू थांबशील.

संचिता : चंदू, दगड राहू दे, आधी मी ब्रेक दाबते. … दाबला. पाय ब्रेकवरच आहे, आई.

आवडाबाई : तसाच ठेव. हलूहलू सोर. चंदू, घे दगड बाजूला.

चंदू : घेतला.

संचिता : आई, बोलत राहा हां.

आवडाबाई : बोलतेय. येऊ दे, संचिता… येऊ दे.