नागरमोथ्याशिवाय

—नाही गो, ते पातेलं हलवू नकोस, गाळायचं राहिलंय अजून. बस तू, स्टुलावर बस. वडाळ्याहून आलीस म्हणालीस ना? एका बाटलीसाठी लालबागला? कुरिअर करते मी, नंबर आहे बाटलीवर—बरं, आलीस तर आलीस. आमच्याकडे मूळ तेल खोबरेलच हां. ते बदाम, ऑलिव्ह, सूर्यफूल हल्ली काय काय घालतात, मी नाही घालत. का? अगो, तेलातेलात फरक असतो. प्रत्येक तेलात फॅटी ॲसिड असतात—ॲसिड म्हणजे बाथरूम धुवायचं नव्हे, घाबरू नकोस. खोबरेलात असतं लॉरिक. ते छोटं नि सरळ, काडीसारखं, म्हणून केसाच्या आत शिरतं. सूर्यफुलातलं वाकडंतिकडं, ते बाहेरच राहतं. एरंडेल तर इतकं जाड, नुसतं वरून चोपडायचं. आणि तेल काही ओलावा आणत नाही—लोकांना तसंच वाटतं—जो आहे तो टिकवतं, नि धुताना केसाला पाणी पिऊन फुगू देत नाही. फुगला की झिजतो. बघ, कसं धडाधड बोलते मी! मला कुठून येणार, मी सातवी शिकलेली. लेकीनं शिकवलं. अक्षदानं. बी.फार्म झालीय ती. ह्याच ओट्यापाशी उभी राहून, एका हातात अगरबत्तीची काडी, दुसऱ्या हातात वाकलेला चमचा—आई, ही काडी जाईल का केसात? जाईल. हा चमचा जाईल का? हसायला यायचं मला.

हो, लेबलवर पाठमोरी उभी आहे ती तीच. वेणी बघितलीस ना, पार कमरेखाली—खरी आहे, कॉम्प्युटरवर वाढवलेली नाही. घरात? नाही, ऑफिसला गेलीय. म्हणजे—ऑफिसला जातेच ती, पण राहते दुसरीकडे, मैत्रिणीबरोबर. कुठे ते मी नाही विचारलं, तिनं नाही सांगितलं. गणपतीत सगळी मुंबई लालबागला लोटते, ही तेवढी नाही आली. भांडलो कशावरून म्हणशील तर ह्या लेबलवरून! मी लिहिलंय, मुळांना पोषण, केसगळती कायमची बंद. ती म्हणाली, आई, हे खोटं आहे. केस मुळातून वर आला की मेलेलाच असतो, त्याला कसलं पोषण? तेल त्याला मऊ ठेवतं, तेवढंच लिही. मी म्हटलं, मऊ ठेवतं म्हणून कोण घेणार गो? बाई इथे येते ती हातात गळलेले केस घेऊन रडत येते. मग म्हणते, ठीक आहे, माझा फोटो काढून टाक, त्या वाक्याखाली मला उभी करू नकोस. आता लेबलं छापून आलेली. आणि मला राग आला, खरं सांगते, मी बोलून गेले—केस तुझे कुठले? मी वाढवलेत, लहानपणापासून मी तेल चोळलंय, माझे केस आहेत ते. ती बघ, तिथे अडकवलीय ना कात्री, पिशव्या कापायची—ती घेतली तिनं, वेणी कापली, ओट्यावर ठेवली. घे तुझे, म्हणाली. एवढंच.

आहे ना, कपाटात आहे. टाकणार कशी? दर रविवारी तेल लावते तिला. बघू नकोस अशी, वेड नाही लागलेलं मला. हात लावून बघ हवं तर—अजून मऊ आहे, जशीच्या तशी. म्हणजे तिचंच खरं झालं की नाही? मेलेलाच असतो केस. डोक्यावर काय नि कपाटात काय, तेलाला काय कळतंय. मला कळतं. रविवारची दुपार आली की हाताला कळतं, खाली डोकं नाही ते. लेबल? नाही बदललं. बदललं तर ती जिंकली ना—आता कुणापुढे हरायला लाजते मी, देव जाणे.

जाऊ दे. तुला कुठली बाटली देऊ? लहान? बॉयकटला पुरेल एवढी? तुझे तर चांगले खांद्यापर्यंत आहेत गो. बरं, दुसऱ्या कुणासाठी. काय? नागरमोथ्याशिवाय?

—नागरमोथा असतो हे तुला कुणी सांगितलं?

लेबलवर नाहीये तो. बघ, वाच—माका, ब्राह्मी, जास्वंद. नागरमोथ्याची मुळी घालते हे मी कुणालाच सांगत नाही, शेजाऱ्यांनाही माहीत नाही. तो कढत्या तेलात टाकला की ह्या घरात एकच माणूस शिंकून शिंकून हैराण व्हायचं. लाल नाक घेऊन गॅलरीत जाऊन बसायचं.

नाही, तू काही बोलू नकोस. तिनं सांगू नको म्हटलं असेल तर नको सांगू. जेवते ना नीट? मान हलव नुसती. हां.

थांब, फळीवर मागे आहे. दर वेळी नागरमोथा पडायच्या आधी एक बाटली बाजूला काढते मी. का काढते, घेणारं कोण होतं. धर. आंघोळीआधी लावायचं म्हणावं—तिलाच माहीत आहे, मी काय सांगते. पैसे ठेव तुझे. आणि फिरवून बघ बाटली, नीट बघ. कोरी आहे. लेबल नाही लावलेलं हिला, कधीच नव्हतं लावलं. तेवढं दाखव तिला.

जा आता. जिना सांभाळून उतर. जा म्हटलं ना.