डावं पायडल

अगं, आमच्या सायकलची गंमत तुला सांगायचीच राहिली! बाबांनी अकोल्याच्या भंगारवाल्याकडून जुनी पोलादी फ्रेम आणली, मला शाळेत जायला. चाकं, चेन सगळं बसलं. डावं पायडल मात्र काही केल्या बसेना.

"फ्रेमच्या या दांड्याचे आटेच गेले. उद्या फ्रेम वापस करतो," बाबा म्हणाले.

माझी सायकल हातची जाणार! सायकलच्या दुकानात मिस्त्रीला पायडल बसवताना पाहिलं होतं. कशीबशी बोलले, "बाबा, डावं उलटं फिरवतात."

"पेच कधी उलटा बसते काय पोरी? मले शिकवतं?"

"एकदा फिरवून त पाहा," आई चुलीजवळून म्हणाली.

बाबांनी फिरवलं. पायडल सरसर आत गेलं!

बाबांनी पाना माझ्या हातात दिला. "घे, आता ब्रेक तू बसव. मी चहा मांडतो."