चार वाजता दिलेली बातमी

आदरणीय अध्यक्ष यशवंतराव, मंचावरील पाहुण्या नीलिमाताई, आजचे सत्कारमूर्ती हरिदासभाऊ, आणि थेट अभनपूरहून आलेल्या बंधू-भगिनींनो,

मंडळाची सचिव म्हणून मला चार शब्द बोलायचे आहेत. माझ्यानंतर भाऊ सत्काराला उत्तर देतील, असं पत्रिकेत छापलं आहे.

सव्वीस वर्षं हरिदासभाऊ आपले प्रसिद्धीप्रमुख होते. सिलतऱ्याच्या कारखान्यातून सुटले की इथे तात्यापाऱ्यात, मंडळात येऊन बातमी लिहायचे. आपला कार्यक्रम सहाला. पेपरवाले बातमी चारला मागतात. म्हणून भाऊ कार्यक्रम व्हायच्या आधीच तो झाल्याचं लिहीत. शेवटी एक ओळ स्वतःची: हरिदास वासनिक उपस्थित होते. जागा कमी पडली की पेपरात शेवटची ओळ कापतात. सव्वीस वर्षं ती कापली गेली. आपल्यापैकी कुणाच्या लक्षात आलं होतं?

गेल्या वर्षी नुसत्या टाळ्यांची बातमी कुणी छापेना. भाऊंनी लिहिलं, भाषण करताना त्या दिवशीचे वक्ते शालिग्रामजींना भोवळ आली. संध्याकाळी त्यांना भोवळ आली. आपण पाणी आणायला धावलो. भाऊ त्यांच्या मागे उभे राहून कॅमेऱ्याकडे पाहत होते. दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन माझ्या घरी आले. म्हणाले, "माया, हे पाय, फोटोत खांदा आला माझा."

जानेवारीत त्यांनी वीज गेल्याचं लिहिलं. गेली.

योगायोग असतील. मीही तसंच म्हणत आले.

आज साडेचारला पेपरच्या विकीचा फोन आला. तो पाहा, मागे कॅमेरा घेऊन उभा आहे. "दीदी, हरिदास भैया ठीक तो हैं ना?" मग त्यानं बातमी वाचून दाखवली: सत्काराला उत्तर देण्यासाठी उभे राहताच हरिदास वासनिक मंचावर कोसळले, जागीच निधन.

मी भाऊंना गाठलं.

"हे काहून लिहिलं भाऊ?"

"तुले काय तकलीफ हाय? आता कोणता पोट्टा कापते माझं नाव, पायतो."

"अन् खरं झालं तं?"

"मंग फोटो पूरा येईन न."

हसले. आणि मला विचारलं, जाकीट निळं घालू की करडं?

अध्यक्षमहोदय, त्यांचं उत्तर कार्यक्रमातून वगळावं, ही माझी विनंती आहे. भाऊ, खुर्ची सरकल्याचा आवाज आला मला. मित्रांनो, फोटो निघणार नसेल तर ते उठणार नाहीत, एवढं मी त्यांना ओळखते. विकी, कॅमेरा पिशवीत ठेव. ठेवलास, बरं केलंस.

पण मग समोर इतके मोबाईल का वर आले?

आपण इतका वेळ ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. सत्काराच्या दिवशी असं बोलावं लागलं, त्याबद्दल मोठ्या मनानं क्षमा करा. हात खाली घ्या. नीलिमाताई, तुम्हीसुद्धा.

भाऊ, बसा.