देव्हाऱ्यावरचा थर्मोस्टॅट

गंगापूर रोडला बाळांच्या दवाखान्यात माझी लेक मांडीवर झोपली होती. शेजारच्या जोडप्याचं बाळ सारखं शिंकत होतं.

“शेखर, तुझा तो स्मार्ट थर्मोस्टॅट काढून टाक. बंद केला तरी एसी पुन्हा लागतो.”

“खोली तापली की लागतो, मोहिनी.”

“खोली बर्फ झालीय. तापतोय तो तुझा डबा. देव्हाऱ्याच्या डोक्यावर कोणी बसवला?”

“पॉइंट तिथेच होता.”

“खाली नवरात्राचा अखंड दिवा आहे, शेखर.”

“मग दोन दिवस दिवा…”

“आईंना तू सांग.”

“नको. एसीचं मेन बटणच बंद करायला सांगतो. हॅलो, आई? हो… बरं… बरं.”

“काय म्हणाल्या?”

“बाळाला उतार पडावा म्हणून तिने आणखी एक दिवा लावलाय.”