दोऱ्याखालची चीर

हॅलो?… हां अक्का, शिवलीलाच बोलतेय. स्पीकरवर टाकलाय, हात गोंदानं भरल्यात… सौंदर्याचं धनुष्य पक्कं करत बसलेय की. परवा तिरंदाजीची निवड चाचणी न्हवं का?

व्हय, बांबूचंच… शाहूपुरीतनं नवं आणू? नको गं, तिच्या हाताला हेच बसलंय. मागच्या महिन्यात धनुष्याच्या पाठीवर बांबूची एक कामटी चिकटवली, वरनं दोरा गुंडाळला, तर बाण कसला सुटायला लागला! आज दुसरी कामटी लावावी म्हणून दोरा सोडला…

थांब. आधी मला सांग, तुझी वर्षाराणी घरात हाय?… न्हाय, सहज.

सहजच म्हटलं की!… बरं, स्पष्टच बोलते. दोऱ्याखाली चीर हाय… अगं तडकलं न्हाय अक्का! बांबू तडकला तर उभा तडकतो. ही चीर आडवी हाय. सरळ. ब्लेडनं कापल्यागत. वरनं दोरा परत गुंडाळलाय, पण गाठ माझी न्हवं ती.

मला काय म्हणायचंय? गेल्या आठवड्यात चार दिवस सौंदर्या कुठं होती? चंदगडात, तुझ्या घरी. धनुष्य कुठं ठेवलं हुतं?… हां, पोरींच्या खोलीत. आणि त्या खोलीत दुसरी कोण झोपती?

ऐक, ऐक ना… जिल्ह्यातनं एकच पोरगी घेणार हायत. तुझी पण हाय, माझी पण हाय… मी तिला कुठं काय म्हटलं? इचारायलेय फकस्त… शपथा घालू नको अक्का! पुरं ताणल्यावर मोडलं असतं तर थेट तोंडावर आलं असतं. डोळा गेला असता पोरीचा! तुझ्या लेकीला म्हणावं, खरं काय ते सांग…

काय गं सौंदर्या? मावशीशी बोलतेय, जा आत… काय?… काय म्हटलीस?

कोण? तू?

अक्का, एक मिनिट हं… अगं पण का?… खांदा दुखतोय? मग सांगायचं की मला!… दोनदा सांगितलंस?… मी काय म्हटलं?

हळद लाव म्हटलं.

हात वर कर बघू… एवढाच जातोय? कवापासनं?… कामटी लावल्यापासनं. व्हय, ताण वाढला की. मी पक्कं करत गेले आणि तुला ते ओढवंना… म्हणून कापायचं? तुला लागलं असतं तर?… दोरी चढवतानाच मोडंल असं वाटलं. येडी का खुळी तू?

बस हितं. रडू नको. ऱ्हाऊ दे चाचणी… न्हाय, रागावले न्हाय. बस.

अक्का, ऐकलीस न्हवं?… चुकलं गं माझं. वर्षाराणीला दे की जरा, तिलाच सांगते… शिव्या घाल, पण बोल तरी… अक्का?

सौंदर्या, ह्यो फोन बंद कवा झाला?… तू दारात आलीस तवाच बंद हुता?

मग तिनं माझा आळ तेवढा ऐकला, तुझं कायबी ऐकलं न्हाय… न्हाय, परत लावू नको. आधी तुझा खांदा डॉक्टरला दाखवू, तिथनंच चंदगडची एसटी धरू. हे तोंडावरच जाऊन सांगाय पायजे.