इवायाले पटन अशी डबी

...नाही, तुमीच सांगा मले, पितळेची म्हणा, बांबूची म्हणा, लाकडाची म्हणा, डबी म्हणजे डबीच ना? तिच्यात दोन फाशे टाकाचे, खुळखुळ हलवाचे अन् पाटावर पालथे कराचे, याच्यापरस तिले जास्त काम काय हाय? तिले काय वावर वखराचं हाय का? पण आमच्या इवायाले, म्हणजे लेकीच्या सासऱ्याले, एक डबी पटन तर शपथ! आठ महिने, तुमाले सांगतो, आठ महिने मी अमरावती ते अकोला अन् अकोला ते अमरावती असा दमणी जुंपून नाचलो, बैलाचे नाल तीनदा बदलले, माह्या कमरेचे तर बदलताच येत नाहीत... अन् हे सारं कशासाठी? दोन फाशे हलवाले!

मी नत्थुजी. बडनेऱ्यापाशी गाव, काळी जमीन, घरचा कापूस. दोन सालाखाली रुळाचं काम पाहाले एक साहेब आला, त्यानं माह्या बांधावर तंबू ठोकला, अन् संध्याकाळ झाली का एकट्याले करमत नाही म्हणून मले बोलवे अन् आपल्या पेटीतला खेळ शिकवे. आपल्या सारीपाटाच्या जातीचाच खेळ, चोवीस घरं, पंधरा सोंगट्या त्याच्या, पंधरा माह्या, फक्त फाशे आपल्यासारखे लांबुळके नाही, चौकोनी, बोराएवढे. अन् ते हातानं नाही टाकाचे. दोघापाशी दोन चामड्याच्या डब्या, त्याच्यात हलवून टाकाचे. मंग रूळ पुढं सरकला, साहेब गेला, जातानी पेटी मले देऊन गेला. अन् पेटी घरात आली त्याच दिवशी आमच्या माणिकबाईनं, म्हणजे माह्या बायकोनं, त्या दोन्ही डब्या चिमट्यात धरून उकिरड्यावर नेऊन टाकल्या. काहून? तर देवाच्या कोनाड्याखाली साहेबाचं उष्टं चामडं नको म्हणे. अवो, तो काय त्याच्यात दारू पीत होता का? मी उचलून आणाले गेलो, तवरिक कुत्र्यानं दोन्हीचा भुगा केला होता. मी म्हटलं, जाऊ द्या, देवानं हात कशाले दिले हायत!

इथंच चुकलो ना मी.

आता माही लेक जमुना, एकुलती एक, अकोल्याले केशवरावाच्या पोराले दिली. केशवराव म्हणजे कापसाचे मोठे व्यापारी. तिकडं साहेबलोकाईच्या कोणत्या मुलखात भाऊ-भाऊ लढून राहिले म्हणे, अन् इकडं आमच्या कापसाले काही विचारू नका असा भाव. त्यात केशवरावाची मान अशी वर गेली का त्याईले आपले पाय दिसणंच बंद झालं. लग्नाले दीड वर्ष झालं, पोरगी एकदा माहेरी आली नाही. न्यायले गेलो का म्हणे वेचणी चालू हाय. मंग म्हणे गाड्या भरून राहिलो, घरात बाईमाणूस पाहिजे. मंग म्हणे होळी होऊ द्या. होळ्या काय, दोन झाल्या! माणिकबाई रोज दोन भाकरी जास्त करे, न जाणो पोरगी आलीच तर. अन् त्या भाकरी मलेच खा लागे.

एकदा केशवराव कामानं अमरावतीले आले, माह्या घरी उतरले, मी हौसेनं साहेबाचा खेळ काढला, शिकवला, अन् सहा डाव लागोपाठ हरवलं. सात मारले असते, पण त्याईनं पाटच उलटा केला. मंग मिशीवर हात फिरवून म्हणे, "नत्थुजी, अकोल्याले या. माह्या घरी एक डाव जिंका अन् पोरीले घेऊन जा. पण हातानं फाशे नाही चालाचे. हा हात रुमालाखालचा हाय."

ऐकलं? कापसाचा सौदा आपण रुमालाखाली बोटं दाबून करतो का नाही, कोणाले भाव दिसू नये म्हणून? त्या हाताले फाशे दिले तर तो लबाडी करन म्हणे! अन् म्हणते कोण? ज्याचा स्वतःचा हात वर्षातून तीनशे दिवस रुमालाखाली राह्यते तो! माणिकबाई म्हणे, अजी, लेकीले फाशावर लावू नका, याच्यातून कोणाचं भलं झालं हाय का? मी म्हटलं, मी लावून नाही राहिलो, सोडवून राहिलो. डबीच पाहिजे ना त्याले? आणतो.

आता डबी करन कोण? सारा मुलूख कापसाच्या मागं. सुताराकडं गेलो तर चाकाचा ढीग, म्हणे दिवाळीपर्यंत मान वर कराले फुरसत नाही. तांबटाकडं गेलो तर ज्याच्या घरी काल मातीचं गाडगं होतं त्याले आज पितळेचे हंडे पाहिजेत, म्हणे तुमच्या डबीले कोण हात लावते? मी घरातले दोन पितळेचे पेले उचलले अन् निघालो. अकोल्याले पोचलो, केशवरावाच्या सोप्यात बसलो, पेल्यात फाशे टाकले, हलवले... खणखणखणखण! बस, बाहेर बाजारात लोकाईले वाटलं दवंडी हाय, मुंबईची तार आली! चाळीस माणूस अंगणात. काय भाव फुटला? चढला का पडला? एक म्हातारा तर रडालेच लागला. केशवराव म्हणतात भाव नाही, फाशे हायत, तर लोकं म्हणतात लपवून राहिले! तीन घंटे लागले त्याईले घालवाले. डाव रद्द.

अन् लक्षात ठेवा, लेकीले लेकरू होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीही पिता येत नाही बापाले. जमुना दाराआडून पाहून राहिली, तिच्या हातात पाण्याचा तांब्या, डोये भरलेले, ना ती देऊ शके ना मी घेऊ शकू. कोरड्या घशानं परत निघालो. कशासाठी? दोन फाशे हलवाले!

मंग बुरडाकडून बांबूची नळी कापून आणली, आवाज कसा गोड, कटकट. केशवरावानं पाहिली, आत डोयानं पाहिलं, बोट घालून पाहिलं, अन् म्हणे, हे आतून गुळगुळीत हाय, फाशे फिरतच नाहीत, जसे ठेवले तसे घसरत येतात, "तुमी फाशे टाकत नाही नत्थुजी, वाढून राहिले." वाढून! जसा मी पंगतीत वरण घेऊन उभा होतो!

तिसऱ्या खेपेले लाकूड कातणाऱ्या खराद्याच्या हातापाया पडलो, त्यानं पाळण्याच्या खुरातून उरलेल्या लाकडाच्या दोन डब्या काढून दिल्या, एक लहान, एक मोठी, म्हणे जसं लाकूड तशी डबी. आवाज कमी व्हावा अन् फाशे आत अडखळावे म्हणून मी त्याच्यात चांगला घरचा कापूस चिकटवला, डिंकानं. अक्कल पाहा माही. त्या सालात कापूस! ज्या सालात लोकं बाळंतिणीच्या गाद्या उसवून विकून राहिले होते त्या सालात! मूर्तिजापूरले लिंबाखाली दमणी सोडली, भाकर खाल्ली, विहिरीवर हात धुतले, येऊन पाहतो तर डब्या जागेवर, फाशे जागेवर, अन् आतला कापूस गायब! डिंकासगट खरवडून नेला! अरे, चोरानं डबी तरी न्यावी, म्हणजे मी तिथूनच परत फिरलो असतो. तशाच नेल्या अकोल्याले. केशवराव म्हणे, मोठी डबी कोणाची? मी म्हटलं तुमी घ्या. म्हणे, मोठी काहून देता, काहीतरी असन त्याच्यात. म्हटलं मंग लहान घ्या. म्हणे, मी लहान हाय का?

घरी आलो अन् तुमाले सांगतो, पेटी उचलली चुलीत घालाले. माणिकबाईनं हात धरला. डोक्यावर पदर घेतला अन् गावाच्या खालच्या अंगाले गोंदाजी राह्यते, आमच्या विहिरीच्या मोटा शिवणारा, त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. जिनं चिमट्यानं चामडं धरलं होतं ती! म्हणे, गोंदाजी भाऊ, साहेबाच्या होत्या तशा डब्या करून दे, माही जमुना अडकली हाय. गोंदाजीनं सारं ऐकलं अन् हसाले लागला. म्हणे, आठ महिने झाले गावभर ऐकून राहिलो, मले काहून कोणी विचारलं नाही? त्यानं मोटेचं जुनं मऊ चामडं घेतलं अन् शिवण बाहेरून नाही, आतून घातली, म्हणजे फाशे त्या शिवणीवर आपटून गरगर फिरतात. तीन दिवसांत दोन डब्या. आवाज असा, जसा कोणी लांबून दारावर हळूच थाप मारते. माणिकबाईनं स्वतःच्या हातात घेऊन हलवली अन् म्हणे, "चामडं तर चामडं. आणा माही पोरगी."

चौथी खेप. केशवरावानं डबी हातात घेतली, फिरवली, वास घेतला, चार वेळा फाशे टाकून पाहिले, अन् जन्मात पहिल्यांदा त्या माणसाले नाव ठेवाले जागा सापडली नाही. खेळलो. जिंकलो! अन् माणूस शब्दाचा पक्का, तेवढं खोटं नाही बोलणार मी, जमुनाले म्हणे, बांध गाठोडं. मी दमणी जुंपली, लेक बसली, मी कासरा धरला, अन् मांगून आवाज, "थांबा नत्थुजी." पाहतो तर केशवराव, खांद्यावर घोंगडं, काखेत डब्या. म्हणे, मीही येतो. एक डाव तुमाले हरवतो अन् परत फिरतो.

दीड महिना झाला त्या गोष्टीले!

दीड महिना माहा इवाई माह्या सोप्यात बसून हाय. त्याईले पाणीही चालते, वरणही चालते, त्याच्यावर तूपही चालते. सकाळी उठले का खुळखुळ. जेवले का खुळखुळ. अन् माही जमुना, जिच्यासाठी आठ महिने मरमर केली, ती बापाच्या घरात नाकापर्यंत पदर घेऊन फिरते! सासरा समोर बसला ना! मायशी बोलते तर कुजबुजून, हसते तर तोंडात पदर कोंबून. सोप्यावर झोपाळा हाय तिचा लहानपणचा, त्याच्यावर केशवरावाचं धोतर वायते. जिनं माहेरी आठ वाजेपर्यंत झोपाव तिनं पहाटेपासून सासऱ्याले उन पाणी काढाव. माणिकबाई माह्याकडं अशी पाहते का जेवण जात नाही मले.

परवा पोरगी चुलीपाशी माह्या ताटात भाकर वाढतानी हळूच म्हणे, "बाबा, एक डाव हारा ना. अकोल्याले मामंजी दिवसभर बाजारात तरी राह्यतात. तिथं मले जरा माहेरासारखं वाटते."

तवापासून हाराचा घोर लागला मले. वाकडी सोंगटी चालवली का केशवराव मनगट धरतात, म्हणतात, इवायाले भीक घालता का, घ्या मागं! मंग म्हटलं फाशातच काही हातचलाखी करावी. पण गोंदाजीनं आत अशी शिवण घातली हाय का लबाडीले जागाच नाही, डबी पालथी केली का बारा. पुन्हा बारा. जन्मात एवढं दान पडलं नव्हतं मले! तवा तुमच्यात कोणाच्या घरी एखादी फुटकी, वाकडी, बेइमान डबी पडली असन तर सांगा, बावा. न्यायले मी स्वतः येतो. बैल जुंपलेलेच हायत.