मजुरीचा रकाना

धंदा काढायचा म्हणता, तर आधी माझं ऐका. धुळ्याला यांची मिल बंद पडली, तेव्हा मी बिबडे विकायचं ठरवलं. बिबडे म्हणजे आपले ज्वारीचे पापड. कर्जाचा अर्ज मीच भरला. ज्वारी, तीळ, लसूण, रॉकेल, सगळा खर्च मांडला आणि मजुरीच्या रकान्यात ठसठशीत शून्य.

बँकेचे साहेब म्हणाले, "ताई, बिबडे थापणार कोण?"

"गल्लीतल्या बायका. त्याचे पैसे कोणी घेत नाही, साहेब. आज त्या माझ्याकडे, उद्या मी त्यांच्याकडे."

"किती बायका?"

"दहा."

"म्हणजे तुमच्या एका दिवसापायी तुम्ही दहा दिवस लोकांच्या घरी. मग धंदा कधी करणार?"

मी अर्ज उचलून घरी आले. आता शेजारणींपुढे पैशाची भाषा काढायची कशी? अक्का गल्लीत सगळ्यांत मोठ्या, म्हणून भीत भीत त्यांनाच विचारलं, "अक्का, मजुरी लिहिली तर राग नाही ना येणार?"

अक्का आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "लिख ना माय! धंदा तुना, पन कंबर तं आमनी शे!"